तळघरातली पेटी उघडू नका

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण घरात भलतंच सांगितलं जातंय. एल्डन रिंग मी संपवला. माझ्या मावसभावाने तो मला 'संपवून दिला' नाही. राखीपौर्णिमेला त्याने सगळ्यांसमोर तसं सांगितलं, मावशीने कौतुकाने त्याच्या ताटात आणखी नारळीभात वाढला आणि मी गप्प बसले. इथे गप्प बसायचं काही कारण नाही.

या मावसभावाने, म्हणजे दादाने, हा गेम २०२२ मध्येच, आल्या आल्या संपवला होता. मी कंट्रोलर हातात घेतला तोवर डीएलसीसुद्धा येऊन गेली होती. त्यामुळे घरातला जाणकार तो. मी सामुराई घेतला म्हटल्यावर लगेच फोन. "अगं, अगील तलावाच्या काठी जळके अवशेष आहेत ना, त्यांच्या तळघरात पेटी आहे. ती आधी उघड, फार कामाची आहे." उघडली. पेटीतून धूर आला आणि मी थेट केलिडमधल्या खाणीत, जिथले किडे लांबूनच एका फटक्यात मारतात. पलीकडे दादा खो खो हसत होता. ही थट्टा सगळेच करतात म्हणे. तुमच्यावर झाली तर तिथे लढत बसू नका. दिसेल त्या वाटेने पळा, खाणीबाहेर पडा आणि नकाशावरून लिमग्रेव्हला परत या. माणूस कसा आहे हे तेव्हाच कळलं होतं, पण नात्यात आपण एवढं मनावर घेत नाही.

त्याचा दुसरा सल्ला होता, "सगळे पॉइंट डेक्स्टेरिटीत टाक, डॉज जमला की व्हिगर लागत नाही." हे तर अजिबात ऐकू नका. गेम अर्ध्यावर येईपर्यंत व्हिगर ४० करा, शेवटाकडे ६०. ४० ला तब्येत साधारण १,४५० होते आणि ६० ला १,९००. साठनंतर फारसं काही वाढत नाही. बाकी बिल्ड कुठलीही चालते. एका फटक्यात मरणाऱ्याला डॉजसुद्धा शिकता येत नाही, कारण शिकायला जिवंत राहावं लागतं. आणि खाणींमधून मायनर्स बेल बेअरिंग मिळतात, त्या राउंडटेबलमधल्या जुळ्या बायांना नेऊन द्या. मग स्मिदिंग स्टोन विकत मिळतात आणि शस्त्र वाढवायला दारोदार फिरावं लागत नाही. हे मला कोणीही सांगितलं नाही. दादाने तर नाहीच.

आता मुख्य गोष्ट.

मला रान्नी या चेटकिणीचं एंडिंग हवं होतं. त्यासाठी राडानला पाडून नोक्रॉन उघडलं, अंगठी तिच्या बोटात घातली, सगळं रीतसर केलं. पुढे लेंडेल झालं, डोंगरावर पोचले. तिथे शाब्रिरी भेटतो आणि सांगतो की झाड जाळायला त्या मुलीचा बळी द्यायचा नसेल तर लेंडेलच्या खाली जाऊन वेडाची ज्वाला घे. मुलगी म्हणजे मेलिना. पहिल्या दिवसापासून तीच आपली लेव्हल वाढवते, घोडाही तिनेच दिलेला. मी दादाला विचारलं, हे खरं आहे का? तो म्हणाला, "शंभर टक्के खरं. मेलिनाला वाचवायचंय ना? मग जा." मी पुन्हा विचारलं, रान्नीचं काही बिघडणार नाही ना? "तिचा काय संबंध?" हे त्याचे शब्द. मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, ज्याला पाहायचा त्याने पाहावा.

मग काय, लेंडेलच्या गटारात उतरले. तो मोग बॉस मारला, वेदीमागची खोटी भिंत फोडली आणि खालच्या विहिरीत उड्या मारत गेले. गेममधली ती सगळ्यात भयंकर जागा आहे. भटक्या व्यापाऱ्यांची प्रेतं रचून ठेवलेली, त्यातच कोणी तरी ते रडकं वाद्य वाजवतंय. तळाला पोचल्यावर ग्रेसवर मेलिना स्वतः आली आणि तिने विनवलं की या ज्वालेच्या नादी लागू नकोस. मी थांबले, फोन केला. दादा म्हणाला, "ती सगळ्यांनाच तसं म्हणते, स्क्रिप्ट आहे ती. आत जा." त्या दारासमोर अंगावरचं चिलखत उतरवावं लागतं, त्याशिवाय ते उघडत नाही. उतरवलं. आत काळोखातून तीन बोटं आली, मला कवटाळलं, अंगभर भाजल्याच्या खुणा उठल्या. त्यानंतर मेलिना एकदाच आली, आपली वाट आता वेगळी असं थंडपणे सांगितलं आणि गेली. ती काही परत आली नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जिला वाचवायला गेले तीच सोडून गेली, म्हणजे यात काही तरी सापळा आहे. दादाला फोन लावला. पलीकडे त्याचे दोन-तीन मित्र बसलेले, फोन स्पीकरवर. "केलंस? खरंच केलंस?" आणि हशा. मग थाटात समजावलं की आता एकच एंडिंग, वेडाच्या ज्वालेचं, सगळं जग जाळायचं. रान्नी विसर. नवा गेम सुरू कर. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा.

पण उपाय आहे. दादाने तो लपवला, की त्याला ठाऊकच नव्हता, देव जाणे. मिकेल्लाची सुई मिळवायची आणि फारुम अझुलात प्लासिडुसॅक्सच्या रिंगणात जाऊन वापरायची, की ज्वाला उतरते. सुई मिळते मिलिसेंटच्या क्वेस्टमधून. ही क्वेस्ट लांबलचक आहे आणि केलिडच्या दलदलीपासून हेलिगट्रीपर्यंत पसरलेली. शेवटी तिच्याजवळ जमिनीवर दोन खुणा दिसतात, एक सोनेरी, एक लाल. सोनेरी दाबली तर तुम्ही तिच्या बाजूने चौघी बहिणींशी लढता. लाल दाबली तर तिलाच मारता आणि डेक्स्टेरिटी पाचने वाढवणारा ताईत मिळतो. माझ्या हातात दोन उचिगाताना, तेव्हा ताईत मोहातच पाडणारा. दादाचा आदल्याच आठवड्यात मेसेज होता, "तिथे लाल घे, तुझ्या बिल्डला मस्त." लाल घेतली असती तर सुईचा रस्ता कायमचा बंद. मी सोनेरी दाबली.

तेवढ्यावर सुटका नाही. मिलिसेंट सुई टाकून मरते, ती उचलून मलेनियाला हरवायचं आणि तिच्या मागे उरलेल्या फुलापाशी जायचं, तिथे खरी सुई हाती येते. म्हणजे जी बॉस नाही मारली तरी गेम संपतो, आणि जी या गेममधली सगळ्यात अवघड मानली जाते, ती माझ्यासाठी सक्तीची झाली. एका मेसेजमुळे.

मलेनियाबद्दल थोडं सांगते, कारण हे घाम गाळून शिकलेय. तिचा वार तुम्हाला लागला की तिची तब्येत भरते. ढालीवर घेतला तरी भरते, म्हणून ढालीमागे लपू नका. ती हवेत उचलली जाऊन क्षणभर थबकते, तो वॉटरफाउल डान्स. तेव्हा अंतर असेल तर सरळ पळा. जवळ असाल तर फ्रीझिंग पॉट फेकून मारा, नेम बसला तर नाच मोडतो. रक्तस्राव तिला चांगला लागतो, उडी मारून दोन्ही तलवारींचा वार करा. दुसऱ्या फेरीत ती फूल होऊन आदळते, फुटेपर्यंत जवळ जाऊ नका. आणि मिमिक टिअर बोलवा. त्याला एफपी लागत नाही, तुमच्याच तब्येतीतून ६६० जातात, म्हणून बोलावल्यावर आधी फ्लास्क प्या. मिमिकही मार खातो आणि तिला भरवतो, हे खरं. पण ती त्याच्याकडे वळते तेवढा वेळ पाठ तुमची.

मिमिक वापरला म्हणजे संपवला असं धरत नाहीत, असं दादाचं मत आहे. हाक मारायची घंटा गेमने पहिल्याच चर्चपाशी हातात दिली, आणि खुद्द हिदेताका मियाझाकी मुलाखतीत म्हणून गेलेत की खेळताना ते मिळेल ती प्रत्येक मदत घेतात. दादा मियाझाकींपेक्षा मोठा असेल तर माहीत नाही. एल्डन बीस्ट या शेवटच्या बॉसपाशी २०२४ च्या जूनपासून घोडा वापरता येतो, तर "घोड्यावर बसून कोणीही मारेल." मारून दाखव म्हणावं कोणीही.

बाकी नेहमीचंच. झोप काढा, रागात बॉसपाशी परत जाऊ नका, रून्स खर्च करूनच नव्या जागी शिरा. कोणीही, अगदी घरच्याने सांगितलं तरी, दार उघडण्याआधी स्वतः वाचा. पीसीवर असाल तर मोठ्या निर्णयाआधी ॲपडेटातलं एल्डन रिंगचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, कारण गेम आपोआप सेव्ह होतो आणि मागे जाऊ देत नाही. मलिकेथला मारण्याआधी लेंडेलमधली कामं उरका, नंतर तिथे राखच. शेवटचा बॉस पडल्यावर घाईने मारिकापाशी बटण दाबू नका, आजूबाजूला जमिनीवर रान्नीची निळी खूण शोधा. मला ती दिसली. आणि नंतर नवा प्रवास सुरू करू का असं विचारतात तेव्हा नाही म्हणा. राउंडटेबलला जाऊन ते कधीही करता येतं, मागे राहिलेलं सगळं आधी फिरून बघता येतं.

परवा दादाचा मेसेज आला. आता डीएलसीत शेवटच्या राडानपाशी अडकलाय, माझी बिल्ड मागतोय. त्याला म्हटलं, लेव्हलने तिथे फारसं काही होत नाही, स्कॅडूट्रीचे तुकडे गोळा कर, आशीर्वाद वीसपर्यंत जातो. खरं तेच सांगितलं. कुठे कुठे आहेत विचारत होता, ते त्याचं त्याने शोधावं.