साध्या हॉटेलचा नफा कुठे गळतो?

थोडेफार भांडवल हाती आले की आपल्याकडील अनेक तरुणांच्या मनात पहिला विचार येतो तो हॉटेलचा. मोहल्ल्यात गाळा मिळतो, ओळखीचा भटारी मिळतो आणि दारावर पाटी लागते : ‘मोगलाई, पंजाबी व चायनीज सर्व पदार्थ मिळतील.’ काही महिन्यांत पाटी उतरते व दोष नशिबाला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा दोष त्या पाटीतच असतो.

दिल्लीचे एक उदाहरण पाहा. 1911 साली पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाचा दरबार दिल्लीत भरला. गर्दी येणार हे ओळखून हाजी करीमुद्दीन यांनी खाण्याचा ठेला मांडला. पदार्थ दोनच : आलू गोश्त आणि डाळ. सोबत रुमाली रोटी. 1913 मध्ये त्यांनी जामा मशिदीजवळच्या गली कबाबियानमध्ये ‘करीम हॉटेल’ काढले. पदार्थांची यादी पुढे वाढली, पण धंद्याचा पाया घातला गेला तो दोन पदार्थांवर.

थोड्या पदार्थांत फायदा का, ते हिशेबाने पाहू. समजा, एका प्लेटची किंमत 100 रुपये आहे. त्यात माल 40 रुपयांचा. भाडे, पगार, गॅस, वीज मिळून रोजचा बांधलेला खर्च 4500 रुपये. आपण 90 प्लेटा शिजवल्या व सर्व विकल्या, तर गल्ल्यात 9000 आले. मालाचे 3600 व बांधलेला खर्च 4500 वजा जाता 900 रुपये उरले. आता ‘असू द्या जास्तीचे’ म्हणून 100 प्लेटा शिजवल्या आणि विकल्या गेल्या 90 च. मालाचे 400 रुपये जादा गेले. नफा उरला 500. गिऱ्हाईक तेवढेच, मेहनत अधिक, आणि नफा जवळजवळ निम्मा!

पाटीवर वीस पदार्थ असले की प्रत्येकाचे थोडे थोडे उरते. रात्री ते फेकावे लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी गरम करून वाढण्याचा मोह होतो. पहिल्याने पैसा जातो, दुसऱ्याने नाव जाते. मोहल्ल्यातील धंदा तर रोजच्याच माणसांवर चालतो. गेलेले नाव परत मिळत नाही.

म्हणून उत्तर हिंदुस्थानी जेवणाचे साधे हॉटेल काढणाऱ्याने पदार्थ पुढीलप्रमाणे निवडावेत :

1) डाळ, एक गोश्त आणि एक भाजी रोजची असावी. कांदा-टोमॅटोचा मसाला एकदाच भाजून ठेवावा व तोच दोन-तीन पदार्थांत वापरावा.

2) सीख कबाबचा मसाला लावलेला खिमा थंड जागी ठेवून मागणी येईल तेव्हाच सीख निखाऱ्यावर धरावी. शिजवलेले वाया जाण्याचा प्रश्न राहत नाही.

3) निहारीसारखा रात्रभर शिजणारा पदार्थ मोजकाच करावा. देग संपली की ‘संपली’ म्हणावे. त्यात कमीपणा नाही. उद्या गिऱ्हाईक लवकर येईल.

4) तंदूर एकदा पेटला की रोट्या दहा लावा वा शंभर, कोळसा जळतोच. तेव्हा तो गर्दीच्या वेळीच पेटवावा.

आणखी दोन गळत्या आहेत. पहिली उधारीची. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणे जड जाते, पण कसाई व किराणावाला आपल्यासाठी थांबत नाहीत. मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी. दुसरी कराची. जी.एस.टी. नोंदणी झालेल्या साध्या हॉटेलला ग्राहकाच्या बिलावर 5 टक्के कर लागतो. परंतु गॅस, भांडी यांच्या खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा मिळत नाही. तो खर्चातच धरून भाव ठरवावा.

यासाठी मोठी विद्या लागत नाही. एक वही घ्या. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी तीन आकडे लिहा : किती शिजवले, किती विकले, किती उरले. महिनाभरात वही स्वतःच सांगेल की पाटीवरून कोणता पदार्थ पुसायचा.