टाकळ्याची कॉफी भाजताना

बाय, पहिल्या पावसात टाकळ्याची भाजी सगळेच खुडतात. कार्तिकात त्याच्याच शेंगा बांधावर वाळतात, तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. ते बी भाजलं की कॉफी होते, आणि त्यात कॅफीन मुळातच नसतं. जपान-कोरियात असलंच बी भाजून त्याचा चहा करतात. रात्री झोप लागत नाही म्हणतेस ना, मग ऐक.

१. शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी, दव असतानाच काप — उन्हं चढली की शेंग हातातच तडकते आणि बी मातीत जातं.

२. आधी पान ओळख, मग शेंगेला हात लाव. टाकळ्याला गोलसर टोकाच्या पानांच्या तीन जोड्या असतात. तशाच दिसणाऱ्या कासविंद्याला टोकदार पानांच्या चार-पाच जोड्या आणि शेंग चपटी — त्याचं बी विषारी. तिकडे उत्तर प्रदेशात बिजनोरकडे ते खाऊन लेकरं दगावत होती, हे डॉक्टरांनी २००७ साली दाखवून दिलं. जरा शंका आली तरी वाडीतल्या जाणत्या बाईला विचार. पान चुकलं की पोट चुकलं!

३. पाखडून पाण्यात टाक, तरंगेल ते फेक, उरलेलं कडक उन्हात वाळव — पोचट बी आधी जळतं आणि सगळा घाणा कडू करतं.

४. जाड लोखंडी कढई, मंद आच, एका वेळी दोनच मुठी. बी टणक असतं — मोठ्या आचेवर साल करपते, आत कच्चंच राहतं. चूल तापली, चव करपली.

५. हात थांबवू नकोस. फोन वाजला तर वाजू दे, तुझं मन लगेच तिकडे धावतं ते मला ठाऊक आहे.

६. रंगावर जाऊ नकोस, नाकाकानावर जा — बी मुळातच तपकिरी, रंग फसवतो. आधी हिरवट वास येतो, मग तडतड सुरू होते. ती ओसरून खमंग वास उठला की एक दाणा फोडून बघ, आतूनही तपकिरी हवा.

७. लगेच सुपात पसर — तापलेली कढई चूल विझल्यावरही भाजत राहते. पुरतं गार झाल्यावरच दळ.

८. पेल्याला एक चमचा भरड पूड घे आणि चांगली उकळ, नुसतं गरम पाणी ओतू नकोस. या बियांत डिंकासारखा गर असतो — तो उकळल्यावर सुटतो, मग कॉफीला दाटपणा येतो.

९. दूध घालणार असशील तर गूळ खाली उतरवल्यावरच टाक — उकळत्या दुधात टाकला की दूध फाटू शकतं.

१०. दिवसाला एकच पेला — टाकळ्यानं पोट सैल होतं. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुलं यांना देऊ नकोस. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचार.

दिवाळी झाली की ठाकुरवाडीला ये. कोयता नि सूप माझ्याकडे आहे, पिशवी तेवढी तुझी आण.