*पान सुरकुतलं? पाणी सोडण्याआधी मूळ बघा (पीक: डेंड्रोबियम ऑर्किड)*



पाऊस लागल्यापासून ऑर्किडच्या पानांचे फोटो रोज येत आहेत. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "पानं सुरकुतलीत, काय मारू?" फवारणीचा पंप भरण्याआधी पाच मिनिटं काढून हा मेसेज वाचा.

पान सुरकुततं, लोळतं, मऊ पडतं, याचा अर्थ पानापर्यंत पाणी पोचत नाही. त्याची कारणं दोन. एक, कुंडीच कोरडी आहे. दोन, कुंडी ओली आहे पण मुळं कुजल्यामुळे झाडाला पाणी पिताच येत नाही. वरून दोन्ही पानं अगदी सारखी दिसतात. पहिल्या झाडाला पाणी दिलं तर ते सावरतं. दुसऱ्याला पाणी दिलं तर उरलेली मुळंही जातात आणि पुढच्या हंगामाची फुलंही गेली. म्हणून निकाल पानावर लावू नका, मुळावर लावा.

*मूळ कसं बघायचं?*
झाड हलकेच कुंडीतून बाहेर काढा.
✅ निरोगी मूळ दाबलं तर टणक लागतं. कोरडं असताना पांढरट, भिजल्यावर हिरवट दिसतं. वाढत्या मुळाचं टोक हिरवं किंवा जांभळट असतं.
❌ मेलेलं मूळ तपकिरी आणि पोकळ किंवा गिळगिळीत लागतं. ओढलं की वरची साल निघून येते आणि हातात नुसता दोरा राहतो.
सोडणाच्या रंगाने मूळ तपकिरी झालं असेल, पण टणक असेल, तर ते चांगलं आहे. कापू नका.

*पान वाचताना तीन प्रश्न विचारा*

*१) किती झाडांवर दिसतंय?*
पूर्ण ओळीवर सारखंच दिसत असेल तर ऊन, पाणी किंवा खत यात गडबड आहे. मधलं एखादंच झाड असं दिसत असेल तर त्या झाडाचं मूळ किंवा रोग तपासा.

*२) जुनं पान की नवं?*
जुन्या कांडीची खालची पानं पिवळी पडून गळतात. ते त्यांचं वय झालं, घाबरू नका. पानं गळलेली पण हिरवी, टणक कांडी कापू नका. त्यात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, तिला फुलाची दांडीही येऊ शकते. मात्र नवीन फुटव्याची पानं पिवळी पडत असतील तर लगेच मुळं तपासा.

*३) पानाचा कोणता भाग?*
🔸 *फक्त टोक करपलं:* बहुतेक वेळा कुंडीत खताचे क्षार साठलेले असतात. आठवडाभर खत बंद ठेवा. साधं पाणी तळातून वाहून जाईल इतकं एकदा भरपूर द्या, मग कुंडी निथळू द्या. पुढे खत लिटरला १ ते २ ग्रॅमच ठेवा. नवीन सोडण वापरणार असाल तर आधी पाण्यात भिजवून, पाणी बदलून धुऊन घ्या. त्यातही क्षार असतात.
🔸 *वरच्या बाजूला पांढरट, नंतर वाळलेला डाग:* उन्हाचा चटका. जो भाग उन्हाकडे असतो तिथेच डाग पडतो आणि तो पसरत नाही. पावसाळ्यात पानं कोवळी झालेली असतात, त्यामुळे ऑक्टोबरचं ऊन त्यांना जास्त बाधतं. त्याआधी फाटलेली शेडनेट दुरुस्त करून ठेवा.
🔸 *पाणी भरल्यासारखा डाग, भोवती पिवळी कड, घाण वास:* हा जिवाणूजन्य कुजवा आहे, झपाट्याने पसरतो. डागाच्या पलीकडे दोन बोटं निरोगी भाग धरून पान कापा, शेडबाहेर नेऊन नष्ट करा. झाड बाजूला ठेवा आणि पानावर पाणी पडू देऊ नका.
🔸 *पानाखाली चंदेरी, खरबरीत चट्टे:* कोळी किंवा फुलकिडे असण्याची शक्यता. भिंगातून बघून खात्री करा, मगच औषध विचारा.

*रंगावरून उजेड ओळखा*
पोपटी-हिरवं, ताठ पान म्हणजे उजेड बरोबर. गडद हिरवं, लांबट, लोंबणारं पान दिसायला छान, पण उजेड कमी पडतोय. अशा झाडाला फुलं कमी लागतात. पान पिवळट किंवा लालसर होत असेल तर ऊन जास्त आहे.

*मुळं कुजलेली निघाली तर*
• कुजलेलं सोडण पूर्ण काढून टाका. जुनं सोडण भुगा होऊन पाणी धरतं, रोग बहुतेक तिथूनच सुरू होतो.
• मेलेली मुळं कापा. प्रत्येक झाडानंतर कात्रीचं पातं ज्योतीवर धरा. ऑर्किडचा विषाणू कात्रीवरून पसरतो आणि त्यावर औषध नाही.
• लहान कुंडीत कोळसा आणि विटांचे तुकडे घालून झाड लावा. हलू नये म्हणून काठीला बांधा.
• फुलाची दांडी असेल तर काढा. आधी झाड वाचू द्या.
• सावलीत, दमट पण हवेशीर जागी ठेवा. सकाळी हलकं पाणी शिंपडा, संध्याकाळपर्यंत पानं सुकली पाहिजेत.
• नवीन मुळाचं हिरवं टोक दिसेपर्यंत खत नको.
सुरकुतलेलं पान पुन्हा सपाट होईलच असं नाही. त्याची वाट बघू नका. नवीन येणारं पान ताठ आलं की समजा, झाड लागलं.

⚠️ *महत्त्वाचं:* सुपारीसाठी केलेलं बोर्डो मिश्रण उरलं म्हणून ऑर्किडवर मारू नका. डेंड्रोबियमला तांबं सोसत नाही, फुलं तर करपतातच. नुसत्या शेडनेटमधून पाऊस सरळ कुंडीत पडतो, त्यामुळे वर प्लास्टिक नसेल तर निदान सगळ्या कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का ते आजच बघा.

*फोटो पाठवताना* चार फोटो पाठवा: पान वरून, पान खालून, पूर्ण झाड आणि मूळ. दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. सोबत लिहा: शेवटचं खत कधी दिलं, किती ग्रॅम दिलं, आणि किती झाडांवर असं दिसतंय. नुसत्या पानाच्या फोटोवरून औषध सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं, त्यात पैसे तुमचे जातात.

उद्या सकाळी शेडमध्ये गेलात की सुरकुतलेल्या पानांची पाच झाडं निवडा आणि त्यांची मुळं बघा. काय दिसलं ते कळवा.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी