पाऊसमान आणि सागराचे थर

समुद्राचे पाणी वरवर पाहता एकजीव भासते. वस्तुतः ते थराथरांनी बनलेले असते. उष्णतेने पाणी हलके होते, क्षारांनी जड होते. हलके पाणी वर राहते व जड पाणी खाली जाते. बंगालच्या उपसागरात ही थररचना विशेष ठळक आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी व गोदावरी या नद्या पावसाळ्यात आपले गोडे पाणी तेथे आणून ओततात. त्यामुळे उत्तर भागात पृष्ठजलाची क्षारता दर हजारी ३० भागांच्याही खाली उतरते. अरबी समुद्रात ती सुमारे ३६ असते. गोड्या पाण्याचा हा थर झाकणासारखा पसरतो आणि खोल पाण्यातील पोषकद्रव्यांना वर येऊ देत नाही.

पूर्वी पाऊसमान बदलले तेव्हा या थरांचे काय झाले, याची नोंद सागरतळाच्या गाळात सापडते. फोरॅमिनीफेरा नावाच्या एकपेशीय जीवांच्या काही जाती पृष्ठाजवळ, तर काही अधिक खोलीवर राहतात. त्यांच्या चुनखडीच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर त्या त्या पाण्याच्या तापमानाचा व क्षारतेचा ठसा उमटतो. दोन्ही प्रकारच्या कवचांत फरक मोठा आढळला, तर थर एकमेकांपासून विभक्त होते, असे समजावे. २०१४ च्या अखेरीस ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने उपसागराच्या तळातून असा गाळ वर काढला.

त्याच्या अभ्यासातून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. सुमारे १७,५०० ते १५,५०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस अत्यंत क्षीण होता. नद्यांचे पाणी घटले, तरी वारेही दुबळे पडल्याने समुद्र नीट घुसळला गेला नाही. पुढे सुमारे १०,५०० ते ९,५०० वर्षांपूर्वी पाऊस अतिशय वाढला. तेव्हा गोड्या पाण्याचे झाकण घट्ट बसले. कारणे परस्परविरुद्ध, परिणाम मात्र एकच: पोषकद्रव्ये वर येईनाशी झाली आणि सागरी वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटली.

या प्लवकांवरच माशांची सारी अन्नसाखळी उभी आहे. जगाच्या सागरी क्षेत्राचा एक टक्काही न व्यापणाऱ्या या उपसागरावर किनाऱ्यावरील कोट्यवधी लोकांचे अन्न अवलंबून आहे. वातावरण तापत असताना पृष्ठजल अधिक उष्ण होऊन पाऊसही वाढेल, असा अंदाज आहे. शेतीला भरपूर पाऊस हितकारक वाटतो. सागराला मात्र त्याचा अतिरेकही अवर्षणाइतकाच जाचक ठरू शकतो.