पदरावरची आमटी

अगं, आधी रडणं थांबव. आमटीच सांडलीय ना, पदर जळला तर नाही! आणि हातातला तो साबण खाली ठेव. नळाखालीही धरू नकोस. खराडीत तुमच्या सोसायटीला टँकरचं नि बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा पांढुरका थर रेशमावर बसतो नि चमक जाते.

आमटीच्या डागात दोन भानगडी असतात, तेल आणि हळद. आधी तेल. डाळ चमच्याने अलगद उचल, चोळू नकोस. पैठणीच्या पदरावरची नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवून विणलेली असते. घासलंस की सूत सरकतं, रेशीम पिंजतं आणि डाग गेला तरी मोराच्या मानेवर पांढरट चट्टा कायमचा राहतो. खाली जुन्या पंचाचा तुकडा घाल, वरून टाल्कम पावडर चांगली जाड भुरभुरव, रात्रभर राहू दे. सकाळी मऊ ब्रशने झटक. तेलकट वाटलं तर पुन्हा.

मग उरते हळद. साबण किंवा सोडा लागला की ती लालभडक होते. हळदीत चुना घालून कुंकू करायचे ना, तोच हा प्रकार. हळद उडते ती उन्हाने. पण उन्हाने रेशमाचा रंगही उडतो, म्हणून बाकीची साडी पांढऱ्या सुती कापडाने झाक आणि डाग तेवढा कोवळ्या उन्हात ठेव. दर दहा मिनिटांनी बघायचं. गॅलरीत टाकून मीटिंगला बसशील, ओळखते मी तुला!

ब्लीचचं नाव काढू नकोस. रेशीम म्हणजे प्रथिन, ब्लीचने पिवळं पडून विरतं. डागांसाठीच्या पावडरींचंही तेच. त्यातली अंड्याचे, रक्ताचे डाग पचवणारी एन्झाइम रेशमालाही सोडत नाहीत. लिंबू-व्हिनेगर जरीच्या आसपास नकोच. आणि डाग असेपर्यंत इस्त्री अजिबात नाही.

खरं सांगू? तुझ्या जागी मी असते तर तेल निघाल्यावर सरळ ड्रायक्लीनर गाठला असता. डाग कशाचा, कधीचा, तू घरी काय काय लावलंस, सगळं सांग त्याला. तेलाचं औषध वेगळं, हळदीचं वेगळं. पावतीवर ‘पैठणी, आमटीचा डाग’ असं लिहून घे. साडी परत आली की प्लॅस्टिकमधून लगेच काढून मलमलीत गुंडाळ. डांबरगोळी मात्र जरीला टेकवू नकोस.