ढेकी आणि भातगिरणी

पीक घरी आले म्हणजे शेतीचे काम संपले, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु भातपिकाच्या प्रदेशात तेथूनच स्त्रियांच्या कामाचा दुसरा भाग सुरू होत असे. या दृष्टीने बंगालमधील ग्रामीण स्त्रियांचा इतिहास उद्बोधक आहे.

कोकणात भात कांडण्यासाठी जसे उखळ-मुसळ, तशी बंगालमध्ये ढेकी होती. ढेकी म्हणजे आसावर तोललेली लांब लाकडी तुळई. तिच्या पुढील टोकास मुसळ बसविलेले असते. मागील टोक पायाने दाबले की मुसळ वर उचलले जाते आणि पाय काढताच ते जमिनीतील खळग्यातल्या भातावर आदळते. एक स्त्री पाय चालवी. दुसरी दोन आघातांमधील क्षणात हाताने दाणे वरखाली करी. तत्पूर्वी भात भिजविणे, उकडणे व वाळविणे आणि नंतर पाखडणे, हीही कामे स्त्रियाच करीत. उकडण्यामागे शास्त्र आहे. त्यायोगे कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा काही अंश दाण्यात मुरतो आणि कांडताना दाणा कमी फुटतो.

घरासाठी केलेले हे श्रम कोणी मोजीत नसे. परंतु गरीब स्त्रियांचा, विशेषतः विधवांचा, तो उपजीविकेचा आधार होता. त्या दुसऱ्यांचे भात कांडून मोबदल्यात तांदूळ मिळवीत. किंवा भात विकत घेऊन, कांडून, तांदूळ बाजारात विकीत व कणी-कोंडा घरी ठेवीत. हा आधार तोकडाच होता. १९४३ च्या दुष्काळानंतर भारतीय सांख्यिकी संस्थेने केलेल्या पाहणीत ज्या व्यवसायांतील कुटुंबे अधिक प्रमाणात निराधार झाल्याचे आढळले, त्यांत भात कांडणाऱ्यांचाही समावेश होता.

विसाव्या शतकात भातगिरण्या वाढत गेल्या. तासन्‌तासांचे कष्ट त्यांनी वाचविले, हे निर्विवाद होय. मात्र यंत्र चालविण्याचे काम पुरुषांकडे गेले. स्त्रियांच्या वाट्यास मुख्यतः अंगणात भात वाळविण्याची मजुरी आली. १९५८ च्या भातगिरणी नियमन कायद्यान्वये नव्या गिरणीस परवाना देताना स्थानिक बेकारीचा विचार करणे आवश्यक ठरविण्यात आले. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

यंत्राने किती वेळ वाचला, एवढेच पाहून भागत नाही. जिच्या घरचे कांडण थांबले तिला विसावा मिळाला. जी इतरांचे कांडून पोट भरी, तिची मिळकत गेली. एकाच यंत्राचे हे दोन्ही परिणाम ताळेबंदात मांडले पाहिजेत.