नेटवर्क सुरक्षेत शिरायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी बार्शीची. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स होऊन वर्ष झालं. सध्या गावातल्याच एका केबल इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात बसते. ग्राहकांचे फोन घ्यायचे, प्लॅन रिन्यू करायचे, नेट बंद पडलं तर लाइनमनला पाठवायचं, एवढंच काम. मला नेटवर्क सिक्युरिटीत जायचं आहे. पुण्यातल्या एका क्लासने एथिकल हॅकिंगच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे दीड लाख सांगितले. नोकरीची हमी देतात. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. कोर्स करू का? माझं कोडिंग बेताचं आहे, इंग्रजी बोलताना अडखळते. शिवाय या कामात रात्रपाळी असते म्हणतात, त्यावरून घरात कुरकुर चालू आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : कर्ज काढू नका. निदान आत्ता तरी नाही. नोकरी कंपनी देते, क्लास नव्हे. त्यामुळे क्लासने दिलेल्या हमीला फारसा अर्थ नसतो. ती लेखी मागा आणि खालची बारीक अक्षरं वाचा, म्हणजे हमी कसली आहे ते कळेल. असे कोर्स करून आलेली मुलं मुलाखतीत माझ्यासमोर बसतात. काली लिनक्स त्यांनी पाहिलेलं असतं, वायफायचा पासवर्ड फोडून दाखवता येतो. पण ‘ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबल्यावर पान उघडेपर्यंत काय काय घडतं?’ एवढं विचारलं की गाडी अडते. पोरं हुशार असतात, कष्टाळूही असतात. त्यांना पाया सोडून वरचा मजला शिकवला गेलेला असतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते ‘एवढंच काम’ म्हणून तुम्ही उरकून टाकलेलं वाक्य. ग्राहकाचा फोन आला की तुम्ही पहिल्यांदा काय विचारता? डब्यावर लाल लाइट आहे का? लाल असेल तर फायबर तुटली किंवा दबली, लाइनमन पाठवा. लाइट हिरवा आणि तरी नेट नाही, तर पीपीपीओईचं लॉगिन झालंय का ते बघता. लॉगिनही आहे, राउटरवरून बाहेरच्या आयपीला पिंग जातो, पण नाव टाकून एकही साइट उघडत नाही, तर डीएनएसची भानगड. म्हणजे बिघाड तारेत आहे, लॉगिनमध्ये आहे की नावाचा आयपी शोधण्यात आहे, हे तुम्ही रोज खालून वर थर लावून शोधता. कॉलेजात ओएसआयचे सात थर पाठ केले असतील. ते थर तुम्ही फोनवर वापरताय. सुरक्षेचं काम याच विचाराने चालतं, फक्त तिथे बिघाड मुद्दाम कोणीतरी घडवलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एकच : आधी नेटवर्क शिका, आणि ते आहात तिथेच शिका. नेहमीचं काय असतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच वेगळं काही दिसलं की खटकतं.

आज घरी गेल्यावर लॅपटॉपवर वायरशार्क टाका. फुकट आहे. गेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये ते इथिरियल या नावाने आणलं, २००६ पासून वायरशार्क झालं. कॅप्चर सुरू करा, एखादी साइट उघडा आणि थांबवा. स्क्रीनवर शेकडो ओळी येतील, घाबरू नका. आधी डीएनएसची विचारणा शोधा, मग टीसीपीची पहिली तीन पॅकेट्स : तुमच्या बाजूने सिन, समोरून सिन-अॅक, परत तुमच्याकडून अॅक. बोलणं सुरू झालं. आता बंद असलेल्या पोर्टवर जोडणी करून बघा. समोरून आरएसटी येतं, म्हणजे मशीन आहे पण त्या दारावर कोणी नाही. आणि उत्तरच आलं नाही, सिनमागून सिन जात राहिलं, तर बहुधा मध्ये फायरवॉल आहे आणि ती पॅकेट गुपचूप टाकून देते आहे. ‘नाही’ म्हणणं आणि गप्प बसणं यातला फरक डोळ्यांना दिसायला लागला की फायरवॉलचे नियम पाठ करावे लागत नाहीत. आणि एकच आयपी शेकडो पोर्टवर एकापाठोपाठ सिन पाठवताना दिसला, तर कोणीतरी दारं चाचपतंय हे सांगायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता तुमच्या ऑफिसकडे वळू. छोट्या इंटरनेटवाल्यांकडे बहुतेक वेळा मायक्रोटिकचे राउटर असतात. २०१८ मध्ये या राउटरच्या विनबॉक्स सेवेत, म्हणजे ८२९१ पोर्टवर, मोठी चूक सापडली. लॉगिन न करताच राउटरमधली वापरकर्त्यांची फाइल वाचता येत होती, पासवर्ड त्यातच. कंपनीने एप्रिलमध्ये दुरुस्ती दिली. पण अपडेट करतो कोण? पुढच्या काही महिन्यांत ब्राझीलपासून सुरू होऊन जगभरातले दोन लाखांहून अधिक राउटर चोरांच्या ताब्यात गेले आणि ग्राहक उघडत असलेल्या पानांमध्ये त्यांच्या नकळत क्रिप्टो-मायनिंगचा कोड घुसवला जाऊ लागला. दुरुस्ती तयार होती, फुकट होती. राउटरची आवृत्ती बघणारं आणि विनबॉक्सचं दार बाहेरच्या जगाला बंद करणारं माणूस तिथे नव्हतं. तुमच्या ऑफिसात ते माणूस तुम्ही होऊ शकता.

मालकांना सांगा, काय करणार आहात ते कागदावर लिहून द्या आणि त्यांची लेखी परवानगी घ्या. मग राउटरची आवृत्ती तपासा, डीफॉल्ट पासवर्ड राहिलेत का बघा, आणि व्यवस्थापनाची पोर्टं फक्त ऑफिसच्या आयपीवरूनच उघडतील असं करून घ्या. त्यानंतर सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने जुळवा आणि लॉग एका वेगळ्या मशीनवर साठवा. हे माझ्या मनाचं नाही. भारताच्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळं जुळवणं, १८० दिवसांचे लॉग ठेवणं आणि ठरवून दिलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं सेवा पुरवठादारांवर बंधनकारक केलं आहे. तुमचे मालक त्यात येतात.

घड्याळ ही किरकोळ बाब वाटेल. तशी ती नाही. आयपी अपुरे असल्याने छोटे पुरवठादार एकाच सार्वजनिक आयपीमागे कितीतरी घरं बसवतात. उद्या कोणाची ऑनलाइन फसवणूक झाली की पोलिसांचं पत्र येतं : अमुक तारखेला, अमुक वाजता, हा आयपी आणि हे पोर्ट कोणाकडे होतं? राउटरचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल, तर त्याच पोर्टवर तेव्हा दुसरंच घर असू शकतं. पोलीस भलत्याच दारात जाऊन उभे राहतात. एका सेटिंगपायी एखाद्या निरपराध कुटुंबाला चौकीत बसावं लागू नये, ही काळजी म्हणजेच नेटवर्क सुरक्षा. हॅकिंगच्या जाहिरातीतल्या काळ्या हूडीपेक्षा मला हे काम कितीतरी मोठं वाटतं.

लॉग साठवले की ते वाचायला लागा. इंटरनेटवर उघडा असलेला कुठलाही लिनक्स सर्व्हर घ्या, ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ अशा ओळींचा पाऊस दिसेल. जगभरचे बॉट रात्रंदिवस पासवर्ड ठोकून बघत असतात. नवखं माणूस ते पाहून हादरतं आणि प्रत्येक ओळीचा अलर्ट वर पाठवतं. मुरलेलं माणूस त्या हजार ओळी सोडून देतं आणि त्याच आयपीवरून एखादी ‘अॅक्सेप्टेड पासवर्ड’ची ओळ आली आहे का, तेवढंच शोधतं. आली असेल, तर ती किती वाजता आली, कोणत्या खात्यावर, आणि त्यानंतर त्या मशीनने बाहेर कोणाशी बोलणं केलं? पुण्या-मुंबईच्या सॉकमध्ये, म्हणजे सुरक्षेवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या केंद्रात, एल-वनचं, म्हणजे पहिल्या पातळीचं, काम हेच असतं. तिथे लॉग चाळायला स्प्लंक किंवा क्यूरडार असतं; घरी शिकायला वाझू फुकट मिळतं.

या नजरेची किंमत पुण्याने मोजली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारणा जायला हवी, ती चोरांनी उभ्या केलेल्या खोट्या स्विचकडे वळत होती, आणि तो प्रत्येक मागणीला ‘द्या पैसे’ म्हणत होता. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून रकमा निघाल्या, १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी जवळजवळ १४ कोटी हाँगकाँगला गेले. एटीएममधून पैसे निघतायत आणि मुख्य प्रणालीत त्याची नोंद नाही, ही विसंगती कुठल्या तरी लॉगमध्ये दिसणारच. ती वेळेत पाहणारे डोळे लागतात. म्हणून या कामाला माणसं हवी आहेत, आणि चांगली हवी आहेत.

एक गोष्ट मात्र गाठीशी बांधा. शिकण्याच्या उत्साहात कॉलेजची साइट, शेजाऱ्याचं वायफाय, गावातल्या पतसंस्थेचा सर्व्हर यांना हात लावायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ४३ आणि ६६ ही कलमं अशी आहेत की गैरहेतूने, मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरलात तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘शिकत होते’ हे उत्तर चौकीत ऐकून घेतलं जाईलच असं नाही, आणि एकदा गुन्हा दाखल झाला की या क्षेत्रात कोणी दारात उभं करत नाही. एनमॅप या पोर्ट तपासण्याच्या साधनाचा सराव करायचा तर स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन-तीन मशीनं उभी करा. एनमॅपच्या मंडळींनी ‘स्कॅनमी’ नावाचं एक मशीन सरावासाठीच खुलं ठेवलं आहे, तेही वापरा.

पैसे घालायचेच असतील तर आधी सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी घाला. तयारी स्वस्तात होते : सिस्कोचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, त्यात व्हीलॅन, राउटिंग, अॅक्सेस लिस्ट सगळं लॅपटॉपवर उभं करता येतं. लिनक्सची भीती घालवायला ओव्हरदवायरवरचा ‘बँडिट’ हा खेळ खेळा. एकेक पातळी सोडवत जाता आणि नकळत कमांड लाइनवर हात बसतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत. पूर्णवेळ कोर्सच करायचा ठरला, तर सी-डॅकचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटी हा पदव्युत्तर डिप्लोमा बघा. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा असते; तुमची पदवी त्याच्या पात्रतेत बसते का, ते फॉर्म भरण्याआधी तपासा. सीईएचसारखी प्रमाणपत्रं नंतर, जमलं तर नोकरी देणाऱ्या कंपनीच्या खर्चाने. ओएससीपीचा विचार तर आत्ता मनातही आणू नका.

पहिली नोकरी ‘सिक्युरिटी’ नावाचीच मिळेल असा हट्ट नको. एनओसीत, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, डेटा सेंटरमध्ये, नेटवर्क सपोर्टला मिळाली तरी घ्या. फायरवॉलची तिकिटं तिथेच येतात. रहिमतपूरहून आलेले कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते. दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने पछाडलेले असत, ते साफ करायला त्यांच्या भावाने, संजय यांनी, सॉफ्टवेअर लिहिलं, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावरून सुरक्षेपर्यंतचा रस्ता आपल्याकडे आधीच पडलेला आहे.

कोडिंग बेताचं आहे म्हणता, ते सुरुवातीला चालतं. पायथनमध्ये लॉगची फाइल उघडून ‘कोणत्या आयपीवरून किती वेळा’ एवढं मोजता आलं की पहिलं वर्ष निभतं. इंग्रजीचंही तेच. सॉकमध्ये बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त, आणि लिहायचं ते तिकीट : काय दिसलं, किती वाजता, कोणत्या मशीनवर, मी काय तपासलं, पुढे कोणी काय करावं. पाच साधी वाक्यं. आजपासून ऑफिसात सुटलेल्या प्रत्येक तक्रारीवर अशी पाच इंग्रजी वाक्यं वहीत लिहा. ती वही मुलाखतीला घेऊन जा. समोर वही ठेवणारा उमेदवार क्वचित येतो, आणि आला की मी तरी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून ती आधी वाचतो.

राहिली रात्रपाळी. ती असते, हे घरी लपवू नका. सॉकमध्ये पहिली दोन-तीन वर्षं तरी पाळ्या येतातच. पण महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि बोलावलं तर सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत गाडीने सोडण्याची जबाबदारी मालकाची असते. ऑफर लेटर हातात आलं की पाळी किती आठवड्यांनी बदलते, गाडी कुठपर्यंत येते, सोबत गार्ड असतो का, हे एचआरला ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर आई-बाबांना वाचून दाखवा. उत्तर द्यायला टाळाटाळ करणारी कंपनी असेल, तर ती नोकरी सोडून दुसरी बघा.